खालच्या ओळीतल्या जाळ्या

माझ्या बायकोला माझ्याबद्दल जवळजवळ सगळं ठाऊक आहे. लग्नाआधी मी एका मुलीला मागणी घातली होती आणि तिने नकार दिला होता, हेसुद्धा मी तिला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं. ती हसली. म्हणाली, शहाणी होती ती. त्या नकारानंतर मी काय केलं, ते मात्र तिला सांगितलं नाही. तिलाच काय, आईला नाही, भावाला नाही, ज्याच्यासोबत रोज संध्याकाळी चहा पितो त्या मित्रालाही नाही. तुम्ही पहिले. आणि तुम्हाला सांगतोय म्हणजे मला धीर आला असं समजू नका. तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून सांगता येतंय.

मी गोंदियातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. घर मुर्रीला. नावाआधी ‘डॉ.’ लागतं, त्यामुळे शेजारचे कधीकधी पोराच्या तापाचं औषध विचारायला येतात. मी उंदरांचा डॉक्टर आहे, असं सांगितलं की ते हसतात. मीही हसतो. ही डॉक्टरकी मला कशी मिळाली, तेच सांगायचं आहे. पण सरळ तिथे जाता येत नाही. थोडं मागून यावं लागेल.

तेव्हा आम्ही दोघं एकाच सरांकडे पीएच.डी. करत होतो, मी आणि अर्चना. मी थोडा आधीचा, ती नंतर आलेली. मी पदवीच्या मुलांचे तासही घ्यायचो, म्हणून ती मला ‘सर’ म्हणायची. कॉलेजच्या मागे सायकल स्टँडला लागून एक लांबट, पत्र्याच्या छपराची खोली होती. भिंतीला लोखंडी मांडणी, तिच्यावर दोन ओळीत पिंजरे. उन्हाळ्यात तिथे उभं राहवत नसे आणि थंडीत तिथून निघावंसं वाटत नसे. वास यायचाच. आम्हाला तो कळेनासा झाला होता, घरच्यांना कळायचा.

माझा विषय होता, साठवलेल्या धानाची उंदीर किती नासाडी करतात. साधा विषय. त्यातही मी अडकलो होतो. अर्चनाचा विषय अवघड होता आणि तिला तो स्वच्छ दिसत होता. तिचं गाव बोदलकसाच्या अलीकडे, वडील धानाची शेती करणारे. धान कापून झालं आणि शेतातलं पाणी उतरलं, की ती स्वतः गावाकडून शेत-उंदीर पकडून आणायची. ते घरातल्या उंदरांसारखे नसतात. अंगठ्याएवढे, पोट पांढरं, डोळे काळे. मुठीत घेतला तर मूठ रिकामीच वाटते.

तिच्या विषयाबद्दल तिने एकदा आमच्या विभागात सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मागच्या बाकांवर पोरं खिदळत होती. तिने थांबून त्यांच्याकडे पाहिलं आणि तशीच पुढे बोलत राहिली. नर आणि मादी मिळून पिल्लं जन्माला घालतात, म्हणून दोघांचं हित एकच, असं आपण धरून चालतो. उंदरांमध्ये तसं नसतं. नराला हवं असतं की मादीने फक्त त्याचीच पिल्लं वाढवावीत. मादी मात्र आजूबाजूच्या दोन-तीन नरांकडे जाऊन येते. कशाला? कारण जो नर तिच्याजवळ कधी आलेला नाही, तो परका नर तिची अंगावर पिणारी पिल्लं मारून टाकतो. पिल्लं मेली की मादी लवकर माजावर येते आणि मग त्याला संधी मिळते. पण ज्या नराशी तिचा संबंध आलेला असतो, तो सहसा पिल्लांना हात लावत नाही. न जाणो, त्याचीच असतील. म्हणजे मादीचं चार ठिकाणी जाणं हा तिचा पिल्लं वाचवायचा मार्ग असतो. अर्चनाला हेच आपल्या बांधातल्या उंदरांमध्ये तपासायचं होतं.

पण पिल्लं मारू द्यायची तिची तयारी नव्हती. इतरांनी तसे प्रयोग केले असतील, मी करणार नाही, असं ती सरांना सरळ म्हणाली. तिने वेगळी युक्ती काढली. पिंजऱ्याच्या मधोमध खाच ठेवून तीत तारेची जाळी बसवायची. एका बाजूला आई आणि पिल्लं, दुसऱ्या बाजूला नर. नर जाळीला चावतो की गप्प पडून राहतो, ते पाहायचं. एवढ्यावर कळतं. काम हळू व्हायचं, पण पिल्लू एकही मरायचं नाही.

आता मागणीचं. माझ्या मोठ्या वहिनीने अर्चनाच्या घरी विषय काढला. समाज एक, दोन्हीकडे शेती, दोघं एकाच लाईनीत. तिच्या वडिलांना आवडलंही असावं. पण ते म्हणाले, पोरगी शिकलेली हाये, तिलेच इचारतो. वहिनी खुशीत घरी आली. मीही खुशीत होतो. विचारणं म्हणजे रीत पाळणं, असंच आम्हाला वाटलं होतं.

दोन-चार दिवसांनी अर्चना पिंजऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या बदलत होती. हातात मोजे होते. मी आत आलो तशी म्हणाली, “सर, तुमच्या वहिनी घरी आल्या होत्या. बाबांनी मले विचारलं. मी नाही म्हटलं.”

“काऊन?” माझ्या तोंडून घरचा शब्द निघाला.

“कारण असं काही नाही. तुमच्याबद्दल मनात तसं नाही माझ्या. घरून निरोप जाण्याआधी आपणच सांगावं म्हटलं.”

मी म्हणालो, “काही हरकत नाही.”

“मग ठीक,” ती म्हणाली. “ह्या बाटल्या धरता का जरा?”

मी बाटल्या धरल्या. त्या दिवसापासून ती मला ‘दादा’ म्हणू लागली.

तुम्ही म्हणाल, यात तिचं काय चुकलं? काहीच नाही. तिने मला उल्लू बनवलं नव्हतं, लटकवून ठेवलं नव्हतं, कोणाला सांगून माझी थट्टा केली नव्हती. इतक्या सभ्यपणे नकार देता येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. आणि मला वाटतं, तेच मला सोसलं नाही. ती मला टाळू लागली असती, माझ्यासमोर अवघडली असती, तर निदान तिच्या लेखी मी कोणीतरी आहे असं तरी वाटलं असतं. पण ती तशीच होती. डबा उघडायची, लाखोरीची भाजी असली तर अर्धी माझ्या झाकणात टाकायची आणि उंदरांबद्दल बोलायची. तिचं काम चांगलं चाललं होतं. सर तिच्या पिंजऱ्यांसमोर उभे राहून मान डोलवायचे, मग माझ्याकडे वळून विचारायचे, आणि तुझं काय करून राहिला तू?

मी हे कारण म्हणून सांगत नाही. खरं सांगायचं तर यातलं नेमकं कोणतं कारण होतं, ते मला आजही कळलेलं नाही. नकार? की तिचं पुढे जाणं? की ती कोलमडली तर आधाराला माझ्याकडेच येईल, अशी काही हलकी आशा? तीही होती. ती नव्हती असं म्हटलं तर इथेच खोटं बोलल्यासारखं होईल.

त्या हिवाळ्यात तिच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग खालच्या ओळीत होता. तिथल्या माद्या तिने दोन-दोन नरांसोबत ठेवल्या होत्या. त्या व्यायल्या होत्या. आधी तिने ते ओळखीचे नर जाळीपलीकडे ठेवून पाहिलं होतं. सगळे गप्प पडून राहिले. ती अशी खूश झाली होती की सरांच्या खोलीकडे पळत गेली. आता तुलनेसाठी त्याच ओळीत परके नर आणून ठेवले होते. ते जाळीला चावत होते. सगळं तिला वाटलं होतं तसंच चाललं होतं.

त्या दिवशी तिने खालची ओळ धुतली. जाळ्या काढल्या, साबणाने घासल्या, वाळवल्या, परत बसवल्या. घरी धानाची चुरणी, म्हणजे मळणी, सुरू होती, माणसं कमी होती, म्हणून तिला दुपारच्या बसने तिरोड्याकडे, गावी निघायचं होतं. घाईत होती. बॅग खांद्याला लावून म्हणाली, “दादा, मी निघते. कुलूप तुम्ही लावाल ना?”

मी हो म्हणालो.

ती गेल्यावर मी बराच वेळ माझ्या टेबलाशी बसलो होतो. धानाचे दाणे मोजत होतो की नुसताच बसलो होतो, आठवत नाही. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन खालच्या ओळीवर येत होतं. आया पिल्लांवर पडून होत्या. पिल्लांना अजून केस नव्हते. नर जाळीपाशी होते.

मी उठलो. खाली बसलो. पहिल्या पिंजऱ्याचं झाकण उघडलं आणि जाळी वर ओढली.

पूर्ण काढली नाही. दोन बोटांइतकी वर उचलून तिरपी अडकवून ठेवली. घाईत नीट न बसल्यासारखी. मग दुसऱ्या पिंजऱ्याची. मग तिसऱ्या. ओळ संपेपर्यंत. वरच्या ओळीला हात लावला नाही. दया आली म्हणून नाही. वरच्या ओळीतल्या जाळ्या तिने त्या दिवशी धुतल्या नव्हत्या. त्या वर आलेल्या दिसल्या असत्या तर घाईवर खापर फुटलं नसतं. एवढा विचार मी केला होता. रागाच्या भरात माणसाला असा विचार करता येतो का? येत नाही. म्हणून तो राग नव्हता. मी शांत होतो.

एका नराने जाळीखालून नाक बाहेर काढलं. ते मी पाहिलं. मग झाकणं लावली, खोलीला कुलूप लावलं आणि मुर्रीला घरी गेलो. जेवलो. झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशिरा गेलो. दुसरी किल्ली तिच्याजवळ असायची. पहिल्या बसने येऊन तिनेच दार उघडलेलं होतं. ती पिंजऱ्यांसमोर फरशीवर बसली होती. चप्पल पायातच होती. एरवी ती दाराशी काढायची. तिने काय पाहिलं ते मी वर्णन करणार नाही. पिल्लं मेली होती, एवढं पुरे. आयांच्या अंगावर जखमा होत्या. एकीने अंथरलेल्या धानाच्या तणसाचा ढीग कोपऱ्यात सारून त्यामागे पिल्लं कोंबली होती आणि स्वतः आडवी झाली होती. तिचा एक कान फाटला होता. तिची दोन पिल्लं जिवंत होती. त्या पिंजऱ्यातल्या नराचं नाक तिने चावून चावून सुजवलं होतं.

“दादा,” ती म्हणाली, “काल मी गेल्यावर तुम्ही पाहिलं होतं का इथे? जाळ्या बसल्या होत्या ना?”

आता तुम्ही सांगा, कोणतं जास्त वाईट? आदल्या दिवशी मी जाळ्या ओढल्या ते, की त्या क्षणी मी जे बोललो ते? मी बरीच वर्षं समजत होतो की जाळ्या ओढणं हा माझा गुन्हा. आता तसं वाटत नाही. मी म्हणालो, “मी वाकून पाहिलं नाही. तू बसवल्या असशील, असंच धरून चाललो.”

“बसवल्या होत्या,” ती म्हणाली. मग एका जाळीची कड बोटाने चाचपली. “म्हणजे, बसवल्या असतील असं वाटते. घाई होती ना मले.”

पहिल्या वाक्यात तिला खात्री होती. दुसऱ्यात ती राहिली नाही. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

ती रडली नाही. जुना पेपर मागितला. खोलीमागच्या आवारात मी खड्डा केला. तिने पिल्लं ठेवली. माती मीच ओढली. ती मला म्हणाली, दादा, तुम्ही होते म्हणून बरं झालं.

पुढे जे झालं ते तिच्या विषयाच्याच नियमाने झालं. ज्या माद्यांची पिल्लं गेली त्या काही दिवसांतच माजावर आल्या आणि ज्या नरांनी पिल्लं मारली त्यांनाच त्यांनी जवळ येऊ दिलं. अर्चना ते रोज पाहत होती. सरांना कळलं तेव्हा ते आले, सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचे डोळे चमकले. ते वाईट माणूस नव्हते. पण संशोधक होते. म्हणाले, अगं, झालं ते वाईट झालं, पण जे मुद्दाम करून दाखवायला तू तयार नव्हतीस ते आपोआप समोर आलं. यावर लिही. दुसऱ्या कोणाजवळ हे नसेल.

“नाही सर,” ती म्हणाली. “माझ्या निष्काळजीपणानं मेली ती. त्यांच्यावर मी डिग्री घेणार नाही.”

सरांनी खूप समजावलं. मी बाजूला उभा होतो. मीही समजावलं! म्हणालो, इतकं मनावर घेऊ नको. त्या दिवशी मी कोणत्या तोंडाने बोललो, देव जाणे.

त्यानंतर ती पहिल्यासारखी राहिली नाही. पिंजऱ्याची खिट्टी लावायची, पुन्हा येऊन पाहायची, दारापर्यंत जायची, परत यायची. कधी बस स्टँडवरून ऑटो करून परत यायची. एकदा शेवटची बस चुकली तर एका जुन्या वर्गमैत्रिणीकडे राहिली. नवे पिंजरे लावायला तिचा हात धजावेना. सर चिडू लागले.

एक दिवस तिचे वडील आले. सायकल स्टँडपाशी मला गाठलं. पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा, हातात पिशवीभर शिंगाडे. घरच्या बोडीच्या पाण्यातले, म्हणाले. शिंगाडे माझ्यासाठी होते.

“तुम्ही सोबत काम करता जी,” ते म्हणाले, “म्हणून तुमाले सांगून राहिलो. पोरगी झोपेत बी उठते अन् कड्या पाहते. माझी पोरगी हयगय करणारी नाही. लहानपणी कोंबड्या झाकायची तर मी दुसऱ्यांदा पाहत नव्हतो. मंग असं झालंच कसं तिच्या हातून?”

मी म्हणालो, “होतं कधीकधी, काकाजी. माणूसच आहे शेवटी.”

ते म्हणाले, हो, तेही बरोबर हाये. मला पुन्हा एकदा म्हणाले, तुम्ही जरा समजावा तिले. शिंगाडे मी घरी नेले. आईने उकडले. सगळ्यांनी खाल्ले. मी पण.

होळीच्या आधी अर्चनाने काम सोडलं. जाण्यापूर्वी तिने सगळे उंदीर छोट्या डब्यांत भरले, झाकणांना भोकं पाडली आणि गावी नेऊन ज्या बांधांतून आणले होते तिथेच सोडले. मी सोबत चलतो म्हटलं. ती म्हणाली, नको दादा, एकटीच जाते.

त्यानंतर सरांनी मला बोलावलं. म्हणाले, तुझा धानाचा विषय काही पुढे सरकत नाही. तिचं काम तुला माहीत आहे, झालेलं तू डोळ्यांनी पाहिलंस. घे करायला. तिला फोन केला होता त्यांनी. ती म्हणाली, दादा करत असतील तर चांगलंच आहे.

मी घेतलं. पुढे तेच रीतसर, परवानगी काढून, मुद्दाम केलं. परके नर, पिणारी पिल्लं, मध्ये जाळी नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, हेही लिहून ठेवतो. पदवी मिळाली, नोकरी मिळाली. प्रबंधाच्या पहिल्या पानांत मी मार्गदर्शकांचे, आईवडिलांचे आभार मानले आणि ‘या विषयाची सुरुवात करून देणारी माझी सहकारी’ म्हणून अर्चनाचेही. ते वाक्य मी दोनदा सुधारून लिहिलं होतं. छान जमलं होतं.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे तुम्ही त्या परक्या नरासारखेच वागलात. मीही स्वतःला तसं सांगून पाहिलं आहे. ऐकायला बरं वाटतं, कारण मग दोष निसर्गाकडे जातो. पण ते खरं नाही. उंदराला आपण काय करतो हे माहीत नसतं. दुसऱ्या दिवशी तो कोणासोबत खड्डा खणत नाही. त्या बिचाऱ्या जनावराला माझ्या पंगतीत बसवू नका.

आता गोरेगावचं. मुंबईचं नव्हे, आमच्या गोंदियाजवळचं. गेल्या महिन्यात तिथल्या एका शाळेतून फोन आला. विज्ञान प्रदर्शन आहे, पाहुणे म्हणून या. बोलणारी अर्चनाच होती. इतक्या वर्षांत आमची दोन-तीनदा भेट झाली होती, तीही लग्नकार्यात, धावती. ती तिथे विज्ञान शिकवते. नवरा एसटीत आहे, एक मुलगी आहे. मी मोटारसायकलने गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी धान उभं होतं. मनात म्हटलं, आज संधी मिळाली तर सांगून टाकू. खरंच म्हटलं. नेहमीच म्हणतो.

मुलांनी काय काय मांडलं होतं. पवनचक्की, ज्वालामुखी, पाणी गाळायची बादली. मी सगळ्यांपाशी उभा राहिलो. मग सतरंजीवर मुलं बसली, आम्ही खुर्च्यांवर, आणि अर्चना माझी ओळख करून द्यायला उठली. माझी पदवी, कॉलेज, सगळं सांगितलं. पुढे ती म्हणाली, आता माझी एक गोष्ट सांगते. आणि तिने ती गोष्ट सांगितली. सगळी. तिचे उंदीर, त्यांची पिल्लं, जाळ्या, घाई, बस. पहिल्या ओळीतल्या एका मुलीने तोंडावर हात घेतला.

“ती चूक माझी होती,” अर्चना मुलांना म्हणाली. “पण मी लपवली नाही. सरांना सांगितली, सगळ्यांना सांगितली. म्हणून ह्या दादांना त्यातून पुढे काम करता आलं. चूक झाली तर सांगायची. समजलं?”

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला शाल आणि नारळ देण्यात आला. दोन्ही तिच्याच हाताने. मग मी बोललो. निरीक्षण किती महत्त्वाचं असतं, याबद्दल बोललो. चांगलं बोललो असं मुख्याध्यापक म्हणाले.

कार्यक्रम संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत चहा होता. बाकीचे बाहेर गेले. ती आणि मी दोघंच उरलो. तिच्या केसांत थोडं पांढरं आलं आहे. तिने कप खाली ठेवला आणि बोलता बोलता म्हणाली, “दादा, एक सांगू? आता त्याला काही अर्थ नाही. पण मला अजून वाटते, मी बसवल्या होत्या जाळ्या. डोक्याला आठवत नाही. हाताला आठवते.”

दार उघडं होतं, पण व्हरांड्यात कोणी नव्हतं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते तोंडात आलंही होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे नुसतं पाहिलं, संशयाने नाही. संशय तिला कधी आलाच नाही.

मी म्हणालो, “आता कायले तो विषय.”

“खरं आहे,” ती म्हणाली आणि चहा संपवला. फाटकापर्यंत सोडायला आली. शाल पिशवीत नीट घडी करून ठेवून दिली तिने. मोटारसायकलवर उडेल म्हणाली.

तर हे असं आहे. यावर मला काही म्हणायचं नाही. फक्त एक गोष्ट राहिली, जी तिला सांगायला हवी होती आणि तुम्हाला सांगतोय. जाळ्या बसल्या होत्या. सगळ्या. एकही सैल नव्हती. तिने प्रत्येक जाळी खाचेच्या तळापर्यंत दाबून बसवली होती, इतकी घट्ट की पहिली मला हाताने निघेना. मी टेबलावरून चिमटा आणला, त्याची टोकं तारेत अडकवली आणि पाय मांडणीला टेकवून ओढली.